कामिनीची वाक्यं

"तुले जायाचंच होतं तर मले नीट सांगायचं होतं. मी नाही म्हटलं असतं का?" प्रफुल्ल बायकोला म्हणाला.

"सांगितलं होतं ना. तुमी इथंच बसून जेवून राहिले होते, तवा," कामिनी म्हणाली.

"जेवताना सांगितलेलं कोणाच्या ध्यानात राहते?"

"तुमच्या राहिलं. म्हणून तर रीनाले गाडीवर बसवून तुमसरले सोडून आले."

प्रफुल्लने आईकडे पाहिलं. आनंदाबाई उंबऱ्याशी सुपात लाखोळीची डाळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. आतल्या दारात त्याची बहीण रीना उभी होती, नुकतीच न्हाऊन आलेली, केसांना टॉवेल गुंडाळलेला. तिचा मोबाईल अजून वहिनीच्या, कामिनीच्या हातात होता.

रीना न्हाणीत असताना त्याच मोबाईलवर तुमसरच्या कॉन्व्हेंटच्या मोठ्या मॅडमचा फोन आला होता. कामिनीने नुसतं हॅलो म्हटलं, आणि ही रीनाच आहे असं समजून मॅडम इंग्रजीत बोलत सुटल्या. सोमवारी रुजू व्हा. पहिल्याच दिवशी आमच्यासमोर एक तास घेऊन दाखवा. आणि जवाहरनगरला तुमच्या शेजारी राहणाऱ्या त्या केरळच्या काकूंना माझा नमस्कार सांगा, त्यांनी तुमचं बोलणं फार छान घडवलंय.

रीना जवाहरनगरला एक दिवसही राहिलेली नव्हती. तिथे राहिली होती ती कामिनी. तिचे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते आणि शेजारच्या क्वार्टरमध्ये लिलीकुट्टी आंटी होती. ही आंटी मूळची नर्स, बरीच वर्षं परदेशात इंग्रज म्हाताऱ्यांची सेवा करून आलेली. शाळेतून आली की कामिनी तिच्या ओट्यापाशी बसायची. शाळेत बाई 'आय वुड लाइक' असं फोडून फोडून म्हणायला लावायच्या. आंटी म्हणायची, 'आयड लाइक'. भाजीवाल्याकडे कोणाला लहान भोपळा घे म्हणायचं असलं तरी 'आयड टेक द स्मॉल वन'. कोणाच्या पोराला ताप आला तर 'आयड वेट अ डे', तुझ्या जागी मी असते तर एक दिवस थांबले असते. ती माणसं समोरच्याला 'थांब' म्हणत नाहीत, आंटी सांगायची, स्वतःला त्याच्या जागी ठेवून बोलतात. आणि ते 'वुड' इतकं बारीक करतात की असून नसल्यासारखं. पूर्ण म्हटलंस तर तू त्याच्याशी भांडतेयस असं त्याला वाटेल.

लग्न होऊन करडीला आल्यावर या सगळ्याचा काही उपयोग नव्हता. मग रीना बी. ए. झाली, घरी बसली, आणि कामिनी तिला चुलीपुढे शिकवायला लागली. वाक्यं घरातलीच. इफ यूड कॉल्ड मी, आयड हॅव कम. हाक मारली असतीस तर मी आले असते. इफ आय वर यू, आयड ॲड सॉल्ट. तुझ्या जागी मी असते तर मीठ टाकलं असतं. रीना सुरुवातीला प्रत्येक शब्द वाजवायची.

"गिळ तो शब्द," कामिनी म्हणायची. "भाताच्या शितासारखा गिळ. चावून नको राहू."

"गिळला तर समजंल कसा, वहिनी?"

"त्यायले समजते. तू बोल."

आणि खरंच, वर्षभरात रीनाच्या तोंडात ते बसलं. हसताना, चिडताना ती सहज म्हणायला लागली. सासू म्हणायची, दोघी मिळून कोणाले शिव्या देऊन राहिल्या का?

मग कॉन्व्हेंटात इंग्रजी बोलायला शिकवणारी बाई हवी, अशी बातमी मोबाईलवर आली. गुरुवारी भेटायला बोलावलं होतं. कामिनीने जेवताना घरात सांगितलं, मी जाऊन पाहीन म्हणते. कोणी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी आनंदाबाईंनी जाहीर केलं की गुरुवारी रोवणं, म्हणजे धानाची लावणी, काढायचं.

या घरात धानाची पहिली मूठ थोरल्या सुनेने रोवायची असते. तिने बांधीत, धानाच्या खाचरात, उतरून पहिली रोपं चिखलात खोवल्याशिवाय दुसरी बाई वाकत नाही. आजवर कामिनीला त्याचा मान वाटायचा. गुरुवारी तिने लुगड्याचा काष्टा खोचला आणि रोपांचे पऱ्हे हातात घेतले तेव्हा ते बोटभरच होते, कोवळे, मुळं धड धरलेली नाहीत. ती म्हणाली पण, "आई, हे लय लहान आहेत."

"पानी आहे तवर लावून घेऊ," आनंदाबाई म्हणाल्या.

रीना त्या दिवशी ब्लाऊज शिवायला टाकायला तुमसरला जाणार होती. जाता जाता कॉन्व्हेंटात विचारते, म्हणाली, वहिनीले दुसरा दिवस देता का म्हणून. प्रफुल्ल तिला सोडून बांधीवर उशिरा आला. गाडी पंक्चर झाली होती म्हणे. संध्याकाळी रीना परतली आणि म्हणाली, "जागा भरली, वहिनी." कामिनीने तिला चहा करून दिला होता.

"खोटं नाही बोलली मी," दारातून रीना आता म्हणाली. "जागा भरलीच होती."

"लिलीकुट्टी आंटी बी तुहीच होती का?"

रीनाने केसांचा टॉवेल नव्याने गुंडाळला.

आनंदाबाईंनी सूप खाली ठेवलं. "मी सांगितलं तिले जायाले. तिच्यासाठी पोरगा पाहून राहिलो आपण. नोकरीवाली म्हटली का लोक विचारतात. तुले काय कमी आहे? तू निघून गेली तर घर कोणी पाहावं?"

"म्हणून कोवळे पऱ्हे चिखलात घातले तुमी?"

"एखादी बांधी गेली तर गेली."

वरच्या बांधीतली रोपं या दहा-बारा दिवसांत खरोखरच गेली होती. पाणी चढलं आणि ती बुडून पिवळी पडली, मग सडली. भावकीतल्या श्रावणने उरलेले पऱ्हे देऊ केले होते. उद्या सकाळी ती बांधी नव्याने रोवायची होती.

"कामिनी, झालं ते झालं," प्रफुल्ल म्हणाला. "तूच जाणार होती असं मले पक्कं माहीत असतं, तर मी आईले थांबवलं असतं."

हे असलं 'असतं तर'चं वाक्य कामिनीनेच या घरात रोज इंग्रजीत शिकवलं होतं, कधी मीठ टाकायचं, कधी हाक मारायची म्हणून. ते इतकं स्वस्त असेल असं तिला वाटलं नव्हतं.

रीना दोन पावलं पुढे आली. "वहिनी, सोमवारी मले शिकवून दाखवा लागते. मले येते तेवढंच येते. त्यायनं मधातच काही विचारलं तर मले सुचणार नाही. तुमी तो तास बसवून घ्या ना माह्याकडून. माहा पहिला पगार..."

"पगार ठेव तुह्याजवळ."

तिने मोबाईल रीनाच्या हातात दिला. चुलीवरचा भात उतू जात होता. तिने झाकण बाजूला केलं, पदराने हात पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा, नेहमीच्याच आवाजात सांगितलं,

"उद्याची पहिली मूठ मी रोवणार नाही. आई रोवतील, नाहीतर रीना. सिहोऱ्याच्या शाळेत बी इंग्रजीची बाई पाहिजे आहे. मी सकाळच्या गाडीनं तिकडं जाईन. दुपारचा स्वयंपाक कोणी करायचा ते आज ठरवून घ्या."