साखरपाण्याच्या डब्यातल्या मधमाश्या

प्रयोगशाळेत तिचं स्टूल अजून माझ्या शेजारीच आहे. कुणी बसायला आलं की मी त्यावर बॅग ठेवते.

ती माझ्याच वर्गातली, सटाण्याकडची. तिचे वडील डाळिंबाच्या बागांत मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात. एमएस्सीच्या प्रोजेक्टला माश्या हव्या होत्या, तेव्हा तिनेच घरच्या माश्या एसटीने नाशिकला आणल्या, जाळीच्या डब्यांत, मांडीवर घेऊन. काही डब्यांतल्या साखरपाण्यात फवारणीचं औषध मिसळायचं, एका डब्यात नुसतं साखरपाणी. मग किती मरतात ते मोजायचं.

"सर, परवानगी कुणाची घ्यायची?" तिने विचारलं.

"उंदरांसाठी समिती असते. माश्यांची कसली परवानगी?" सर हसले. वाईट हसणं नव्हतं ते. कितपत औषध चालेल हे कळलं तर बागेतल्या माश्या वाचतील, असं तेच सांगायचे.

मलाही काहीतरी म्हणायचं होतं. माझी शाळा इंग्रजी. मराठी वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. ती मला 'मॅडम' म्हणून चिडवायची, पण माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायची. तसं थांबणारं आता कुणी नाही.

प्रयोगाची पहिली फेरी संपली. नुसत्या साखरपाण्यावरच्या माश्या जिवंत होत्या. पद्धत अशी, की त्याही फ्रीजरमध्ये ठेवून मारायच्या.

"ह्या घरी जाणार," ती म्हणाली. सरांनी नेऊ दिल्या.

संध्याकाळी फोन आला. "मॅडम, पेटीत घेतलंच नाय गं त्यांना. दारावरच्या माश्यांनी ओढून बाहेर टाकलं. आपल्या डब्याचा वास लागला होता."

"बाबा काय म्हणाले?"

"पेटीपुढे बसून एकेक उचलत राहिले."

त्यानंतर ती प्रयोगशाळेत आली नाही. सरांनी तिला फुलांवर येणाऱ्या माश्या नुसत्या मोजायचा विषय दिला. तो ती घरूनच करते. राहिलेला प्रयोग माझ्याकडे आला. "तिच्याच घरून माश्या मिळतात का बघ," सर म्हणाले. मी अजून विचारलेलं नाही.

काल तिचा मेसेज आला: 'रविवारी घरी ये ना. सेंट लावू नको, चावतील.'

माश्या मागायच्या नाहीत, एवढं ठरवलंय. बाकी काय बोलायचं ते ठरत नाही. उद्याचा ड्रेस साबण न लावता धुवून गॅलरीत वाळत घातलाय. थोड्या थोड्या वेळाने जाऊन त्याचा वास घेते.