ऑरिनच्या वेलाची उरलेली फुलं

व्हर्न स्ट्राउडने आयुष्यभर शाळेची बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर गॅरेजमध्ये बीअर करायला घेतली. आमच्या याकिमा खोऱ्यात यात नवल काही नाही. चहूकडे हॉप्सची शेतं, त्यामुळे बीअरला कडूपणा आणि वास देणारी ही हिरवी फुलं कोणाच्याही घरात सापडतात. व्हर्नच्या घरात ती जरा जास्तच सापडायची. एका खेपेला लागायची मूठभर, पठ्ठ्या आणायचा पिशवीभर. उरलेली पिशवी दुमडायची, रबर लावायचं आणि डीप फ्रीझरमध्ये कोंबायची. फेकायचं नाव नाही. एकदा त्याच्या बायकोच्या, लोरेटाच्या तिथेच ठेवलेल्या लोण्याला तो वास लागला आणि चर्चच्या जेवणात पाद्रीबाबा तिने त्याच लोण्यात केलेल्या ॲपल पायचा घास तोंडात धरून नुसतेच बसले. तेव्हापासून त्या पिशव्यांवर तिचा दात होता.

मग जावयाला, टकरला, शिकारीत एल्क मिळालं, सांबरासारखं भलंमोठं हरीण.

"शनिवारी टकर मटण घेऊन येतोय," लोरेटा म्हणाली. "तोवर तुझा पालापाचोळा बाहेर काढ. नाहीतर तो आत राहील आणि तू बाहेर."

व्हर्नने मला हाक मारली. मी शेजारी, आणि त्याची बीअर पिऊन खोटं बोलण्यात माझा हातखंडा आहे. ठरलं असं की एकेक पिशवी हुंगायची. वास बरा असेल तर आज बीअरसाठी उकळत ठेवलेल्या पातेल्यात, नसेल तर खताच्या ढिगावर. निम्म्या पिशव्यांना तर काही वासच उरला नव्हता.

अगदी तळाशी निघाली ऑरिनची पिशवी. ऑरिन हा व्हर्नचा धाकटा भाऊ, जन्मभर हॉप्सच्या शेतात राबलेला. स्वतःच्या घराच्या भिंतीवरही त्याने एक वेल चढवला होता. तो गेला, घर विकलं गेलं आणि नव्या मालकाने वेल उपटून तिथे कोळशाची शेगडी मांडली. त्या वेलाची एवढीच फुलं शिल्लक. ऑरिनला शोभेल अशी बीअर जमली की त्यात घालायची, असं व्हर्नने ठरवलेलं. तशी बीअर काही त्याला जमली नाही.

मी पिशवी हुंगली. "पाय," मी म्हणालो.

"काय?"

"पायाचा वास येतोय. दिवसभर बुटात उकडलेल्या. लेका, ही जुनी झालीत. पण फ्रीझरमध्ये असून इतकी कशी गेली?"

व्हर्न उलट्या बादलीवर बसला. "मी उघडायचो ना अधूनमधून. वास घ्यायला. दर वेळी आत हवा गेली असणार."

"हुंगायचीच होती तर दुकानातली हुंगायचीस."

"दुकानातल्यांना त्याच्या अंगणाचा वास नव्हता."

मला त्याचा राग आला आणि वाईटही वाटलं. "खतात टाक," मी म्हणालो. "सगळ्या पातेल्याची वाट लागेल." तो ना टाकेना, ना सोडेना. गॅस बंद झाला तरी पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.

फ्रीझर रिकामा झाला का ते बघायला लोरेटा आली. तिने पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली, नाकाशी धरली आणि बराच वेळ धरून ठेवली.

"हे ऑरिनचे मोजे आहेत," ती म्हणाली. "रविवारी जेवायला यायचा, दारात बूट काढायचा, आणि मी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडत सुटायचे. आठवतं?"

व्हर्न आधी हसला, मग त्याने बाहीला नाक पुसलं. लोरेटाने पिशवी गरम पातेल्यात उपडी केली आणि ती हात धुवायला गेली.

बीअर व्हायची तशीच झाली. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला एल्कच्या मटणाबरोबर ती ओतली, तेव्हा टकरने एकच घोट घेऊन ग्लास खाली ठेवला. मीसुद्धा खोटं बोलू शकलो नाही. लोरेटाने मात्र तोंड वाकडं करत करत ग्लास संपवला. मग ती उठली, बाहेर बर्फ पडत असताना तिने घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, आणि परत येऊन रिकामा ग्लास व्हर्नपुढे धरला.