आधी थोरल्यांच्या कॉम्प्युटरवर

आमचा तुरात मटण वाटायला बसला की संघात कुणाची कुरकुर होत नाही. कमरेचं मोठं हाड सगळ्यात वडीलधाऱ्या पुरुषाला, माकडहाड सगळ्यात थोर बाईला, मग मांडीचं, मग फऱ्याचं, असं उतरत उतरत शेवटचं बारीक हाड पोरासोरांना. कोण कुणापेक्षा किती मोठा, कुणाची सोयरीक कुणाकडे झाली आणि कुणाचं कुणाशी वाकडं आहे, हे त्याला तोंडपाठ असतं. वाटणी चुकली तर आमच्याकडे माणसं वर्षभर तोंड फिरवून बसतात. माझ्या सख्ख्या चुलत्यानं एका फऱ्याच्या हाडावरून पुतणीच्या लग्नाला यायचं नाकारलं होतं. पुतणी म्हणजे मीच.

मटणाचं आधी सांगितलं, कारण तुरातचं खरं काम कॉम्प्युटरचं आहे आणि तेही तो ह्याच डोक्यानं करतो.

नारीन नदीच्या वरच्या अंगाला आमचा पाणीवाटप संघ आहे. मुख्य कचेरी नारीन शहरात आणि पाच लहान कचेऱ्या खोऱ्यांमधून, कालव्यांच्या तोंडाशी. कुठल्या गावाला कधी आणि किती पाणी सोडलं, त्याचा हिशेब त्या कचेऱ्या रोज कॉम्प्युटरवर भरतात. मी भांडार सांभाळते: झडपा, पाइप, रबरी बूट, फावडी. माझं नाव आनारा. तुरात मला एजे म्हणतो, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. बाकीचे मला काय म्हणतात ते माझ्या पाठीमागे म्हणतात. तोंड फटकळ आहे माझं, उगीच कशाला नाकारू.

पूर्वी नवा प्रोग्रॅम आला की तुरात पेनड्राइव्ह खिशात घालून घाट चढून जायचा आणि एकेका कॉम्प्युटरवर स्वतः बसून तो टाकायचा. आता आमच्या भांडाराशेजारच्या खोलीत शेगडीला पाय लावून बसतो आणि तिथूनच सगळ्यांना पाठवतो. पण सगळ्यांना एकसारखं पाठवेल तर तो तुरात कसला. कुणाला किरगीझमधून, कुणाला रशियनमधून. ज्याला जे कालवे, त्याला तेवढेच दिसतात. ज्याचा प्रिंटर खोकतो, त्याला कागद वाचवणारं सेटिंग. आमच्या अध्यक्षांनी, मेदेरबेक असानोविचांनी, एकदा अख्ख्या उन्हाळ्याचे आकडे पुसले होते. तेव्हापासून त्यांच्या कॉम्प्युटरवर पुसायचं बटणच नाही. हे त्यांना अजून माहीत नाही, आणि कुणी सांगायलाही जाऊ नये.

त्या वर्षी पाणी सोडायच्या तोंडावर हुकूम आला की हिशेबाचा जुना प्रोग्रॅम काढा आणि नवा टाका. त्याच सुमारास राजधानीतली, बिश्केकची एक कंपनी अध्यक्षांच्या कानाशी लागली होती. आम्ही तिथून तुमचं सगळं सांभाळतो, म्हणे, इथे माणूस ठेवायची गरजच नाही. अध्यक्षांनी तुरातला बोलावून सरळ सांगितलं, "हे काम नीट पार पडलं तर तू राहशील. घोळ झाला तर तुझी जागा बंद करावी लागेल मला."

तुरातचे दोन्ही भाऊ रशियात गोदामात ओझी उचलतात. घरात म्हातारी आई, बायको आणि दोन लेकरं. नारीनमध्ये त्याच्यासारख्या माणसाला दुसरी खुर्ची नाही. ही गेली की पुढची गाडी रशियाची, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

त्यानं जीव ओतून काम केलं. एकेका माणसाचं सेटिंग वेगळं करून ठेवलं. मग म्हणाला, "एकदम सगळ्यांना नको. आधी चार जणांना देऊन बघतो, ठीक चाललं की बाकीच्यांना."

"शहाणा आहेस," मी म्हटलं. "कुणाला देतोस आधी?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी सूर्य कुठून उगवतो ते विचारतेय. "थोरल्यांना. दुसऱ्या कुणाला देणार?"

मीही मान डोलावली. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. थोरल्यांच्या आधी घास कुणी तोंडात घालतं का?

तर थोरल्या चौघांच्या कॉम्प्युटरवर नवा प्रोग्रॅम गेला. दुसऱ्या दिवशी तुरातनं एकेकाला फोन लावला. सगळ्यात थोर म्हणजे कुलिपा अपा, घाटापलीकडच्या कारा-बेलच्या कचेरीत. आईच्या वयाच्या बाईला आम्ही अपा म्हणतो. नवरा गेल्यापासून तिथले कालवे त्याच बघतात. वय झालं तरी त्यांना कुणी घरी बसा म्हटलेलं नाही.

"अपा, नवं उघडलं का?"

"उघडलं रे बाळा. फार छान आहे. तुझ्या हाताला यश येवो, लेकरं मोठी होवोत." फोनवरच त्यांनी दोन्ही तळवे वर करून दुवा दिली असणार, कारण मागे कुणीतरी आमीन म्हटलेलं ऐकू आलं.

बाकीच्या तिघांनीही तेच सांगितलं. छान आहे, देव भलं करो. चार थोरल्यांची दुवा मिळाल्यावर माणसाला आणखी काय हवं? तुरातनं तो प्रोग्रॅम सगळ्यांना सोडला.

सकाळी फोन थांबेनात. प्रोग्रॅम उघडत होता, पण आतून कोरा. कालवे नाहीत, गावं नाहीत, काही भरलं तर ते कुठे जातंय ते देवाला माहीत. जुना तर काढून टाकलेला. तिकडे पाणी सुटलेलं, शेतकरी दारात उभे, आणि सगळ्या कचेऱ्या हात बांधून बसलेल्या. सेटिंगमध्ये सर्व्हरचा पत्ता जुनाच राहिला होता. एवढीशी चूक. संध्याकाळपर्यंत तुरातनं ती दुरुस्तही केली, पण अब्रू जायची ती गेलीच.

"तू आधी चौघांना देऊन बघितलं होतंस ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"बघितलं होतं."

"मग?"

थोरल्या माणसांची नावं सांगून स्वतः सुटणाऱ्यांतला तुरात नाही. अध्यक्ष म्हणाले, "ह्या आठवड्याच्या शेवटी पाचही कचेऱ्यांचे आकडे माझ्या टेबलावर बरोबर आले पाहिजेत. एका जरी कचेरीचे चुकले, तर मी बिश्केकला फोन करणार."

तुरात विचारणार नव्हता, म्हणून कुलिपा अपांना मी फोन लावला. "अपा, तुम्हालाही कोराच दिसत होता ना?"

"हो गं, आत काही नव्हतं."

"मग छान आहे म्हणून का सांगितलंत?"

"अगं, पोरानं एवढ्या मानानं सगळ्यांच्या आधी मला दिलं. त्यात खोट काढू? शोभेल का मला?"

मी फोन ठेवला. रागावू कुणावर? मी असते तर मी तरी काढली असती का खोट? छे, मी तर काढली असती. पण मला कुणी मानानं आधी काही देतच नाही.

हेच तुरातच्याही लक्षात आलं असावं. दुसऱ्या दिवशी भांडाराच्या दारात उभा राहिला. मान खाली. "एजे, रागावणार नसाल तर एक सांगू का?"

"सांग. रागवायचं की नाही ते मग ठरवू."

"तुम्ही कुणाचंच कधी चांगलं म्हणत नाही. म्हणून आधी तुमच्या कॉम्प्युटरवर टाकतो."

अशी स्तुती माझी जन्मात कुणी केली नव्हती. मी बसले आणि दिवसभर त्याचं डोकं खाल्लं. हे बटण इथे कशाला? हा रंग कुणी निवडला, डोळे जातात की काय? रशियन मध्येच कुठून आली? पाण्याचा आकडा भरला तर तो दुसऱ्या दिवसावर का चढतो? हे शेवटचं खरंच मोठं निघालं. तुरात निमूटपणे दुरुस्त करत गेला. मग त्यानं सगळ्यांना पाठवला, आणि चार कचेऱ्यांचे आकडे चोख यायला लागले.

पाचवी कारा-बेल. तिथले आकडे रोज यायचे आणि रोज चुकीचे यायचे. वरच्या कालव्याचं पाणी खालच्याच्या रकान्यात, बंद असलेल्या झडपेतून धो धो पाणी. तुरात फोन करायचा, अपा म्हणायच्या, "सगळं उत्तम आहे बाळा." तो इथून सेटिंग तपासायचा, सेटिंग ठीक. आठवडा संपत आला तसा त्याचा चेहरा उतरला. बायकोनं त्याच्या भावाला फोन करून तिकडे कामाचं विचारलंय, हे मला बाजारात कळलं.

"चल," मी म्हटलं. "मला तिथे बूट पोचवायचेच आहेत."

घाटात अजून बर्फ होतं. कारा-बेलला अपांनी चहा मांडला, साय काढली, कणकेचे ताजे बोरसोक तळून समोर ढीग केला. खाल्ल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही. खाल्लं. मग तुरात म्हणाला, "अपा, जरा भरून दाखवता का, मी नुसता बघतो."

अपा कॉम्प्युटरसमोर बसल्या. पाठ ताठ, बोटं भराभर. आकडे पडत गेले, आणि आमच्या डोळ्यांसमोर एक एक चुकीच्या रकान्यात पडला. तुरातला दिसत होतं. त्याचे ओठ हलले, पण आईच्या वयाच्या बाईला तुमचं चुकतंय म्हणायला त्याची जीभ रेटेना. खुर्ची जाईल, तरी रेटणार नव्हती.

मग मीच बोलले. कुणीतरी बोलायलाच हवं होतं. "अपा, वर पहिल्या ओळीत काय लिहिलंय ते वाचा बरं."

अपांची बोटं थांबली. बाहेर कालव्याचा आवाज येत होता.

"वाचा ना."

"दिसत नाही," अपा म्हणाल्या. "दोन वर्षं झाली, नीट दिसत नाही. जुन्यात कुठलं कुठे ते बोटांना माहीत होतं." मग तुरातकडे न बघता म्हणाल्या, "वरती सांगू नकोस. घरी बसवतील. घरी कोण आहे माझं?"

मला फार वाईट वाटलं. माझ्या तोंडाचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं. तुरातनं स्टूल ओढलं, अपांच्या शेजारी बसला आणि विचारलं, "जुन्यात पहिला कुठला होता, अपा?"

त्या सांगत गेल्या, तो लिहीत गेला. शहरात परतल्यावर त्यानं फक्त त्या एका कॉम्प्युटरसाठी वेगळा प्रोग्रॅम बांधला. अक्षरं अंगठ्याएवढी. कारा-बेलचे तेवढेच कालवे, जुन्या क्रमानं. बाकी सगळी बटणं लपवलेली. तो पाठवल्यावर फोन केला.

"अपा, कसं आहे?"

अपा म्हणाल्या, "तिसरी ओळ अजून बारीक आहे." तुरातला हसू आवरेना. मला वाटतं, त्याला अशी दुवा आजवर कुणी दिली नव्हती.

आठवड्याच्या शेवटी पाचही कचेऱ्यांचे आकडे बरोबर आले. अध्यक्षांनी विचारलं, "कारा-बेलचं इतके दिवस काय बिघडलं होतं?"

"माझं सेटिंग चुकलं होतं," तुरात म्हणाला.

"दुसऱ्यांदा चुकलास. बिश्केकचं मी अजून नाही म्हटलेलं नाही, लक्षात ठेव," अध्यक्ष म्हणाले. म्हणजे खुर्ची राहिली, पण काठावर. मी तोंड उघडणार होते. तुरातनं माझ्याकडे बघून मान हलवली, आणि मी गप्प बसले. माझ्या बाबतीत हे फार घडत नाही.

मग मोठ्या कालव्याच्या तोंडाशी दरवर्षीप्रमाणे पाण्याच्या नावानं मेंढी कापली. पाचही कचेऱ्यांची माणसं आली होती. उंचावर मटण शिजायला वेळ लागतो, आणि अध्यक्षांना भूक आवरत नव्हती, म्हणून पातेलं जरा लवकरच उतरवलं. सगळे गोल बसले. तुरातनं वाटणी केली आणि माकडहाड दोन्ही हातांनी कुलिपा अपांपुढे ठेवलं. अपांनी घास घेतल्याशिवाय कुणी हात लावणार नव्हतं.

अपांनी हाड उचललं, एक तुकडा दातांनी तोडला आणि चावत राहिल्या. आम्ही बघत होतो. त्यांनी तुकडा गिळला आणि म्हणाल्या, "कच्चं आहे."

असं कुणी म्हणत नाही. आमच्यात मानाचं हाड हातात घेऊन हे शब्द कुणी काढल्याचं मी ऐकलेलं नाही. कालव्याच्या तोंडाशी बसलेली सगळी माणसं जमिनीकडे बघायला लागली.

"अपा," अध्यक्ष हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "चालून जाईल की."

"कच्चं आहे, मेदेरबेक. आणि कारा-बेलचे आकडे चुकले ते ह्या पोरामुळे नाही चुकले. माझे डोळे गेलेत. ह्यानं माझं पाप आपल्या डोक्यावर घेतलं."

अध्यक्षांनी तुरातकडे बघितलं, मग अपांकडे. कुणाचं काय होणार ते त्या एका माणसाच्या तोंडात होतं, आणि ते तोंड उपाशी होतं.

"आता दिसतं का?" त्यांनी विचारलं.

"ह्यानं मोठी अक्षरं करून दिलीत. आता दिसतं."

"मग भरत राहा," अध्यक्ष म्हणाले. मग त्यांनी पुढ्यातल्या हाडाकडे बघितलं. "आणि बिश्केकवाल्यांना मी उद्या नाही म्हणून कळवतो."

त्यांनी आपलं कमरेचं हाड उचलून तुरातपुढे केलं. त्यांच्यामागोमाग सगळ्यांनी आपापली हाडं परत दिली. तुरातनं ती पातेल्यात टाकली, खाली लाकडं सारली, आणि आम्ही सगळे उपाशी बसून राहिलो.