एक मेचा माईक

निकम सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. या गौरवग्रंथात मी लिहावं असा त्यांचाच आग्रह होता, त्यामुळे नाही म्हणायचीही सोय उरली नाही.

आमची पहिली भेट पेठ वडगावच्या हायस्कुलात झाली. दोघेही इतिहासाचे शिक्षक. मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवली. पुढं त्यांच्या तासाचा हशा शेजारच्या वर्गातून ऐकत मी नोकरी काढली.

निवृत्तीनंतर दोघेही कोल्हापुरात एकाच पेठेत राहायला आलो. तिथल्या तालमीत दर एक मेला 'आजच्या दिवशी महाराष्ट्रात' असं व्याख्यान होतं. राज्याची स्थापना, बासष्ट साली सुरू झालेल्या जिल्हा परिषदा, पुढं याच तारखेला झालेला सिंधुदुर्ग जिल्हा, हे सगळं मलाही तोंडपाठ आहे. तरी व्याख्यान सरांचं आणि आभार माझे, हे ठरूनच गेलं. सर मध्येच थांबून एखाद्या म्हाताऱ्याला विचारायचे, "व्हय मामा, साठ साली त्या दिवशी तुमच्यात काय शिजलं हुतं?" की सगळी सभा बोलायला लागायची. मी आभाराला उठलो की लोक चपला शोधायला लागायचे. माझा जळफळाट व्हायचा, हे स्पष्टच लिहितो.

नोकरीत असताना माझी पत्नी दवाखान्यात होती तेव्हा सरांनी महिनाभर माझे तास घेतले, वर रोज डबा पोचवला. ते ऋण फिटणारं नाही. पण मी परत आलो तर पोरं विचारतात, "निकम सर आनखी थोडं दिस येणार न्हाईत व्हय?" असल्या उपकाराचं माणसानं करावं काय?

गेल्या वर्षी सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि माईक अखेर माझ्या हाती आला. मी माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली. राज्य झालं त्या दिवशी त्यांनी इचलकरंजीत मालकाला न विचारता माग थांबवला आणि कारखानाभर गूळ वाटला. दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो तर सर म्हणाले, "फोनवर ऐकलं सगळं. काय गोष्ट हाय राव! फुडल्या वर्षी मी सांगू काय? नाव तुमचंच घेतो की."

माझा पारा चढला. "सगळं घ्या सर, पण माझा बाप न्हाय द्यायचा!"

सरांनी गुडघ्याखालची उशी नीट केली. मग म्हणाले, "मग हितनं फुडं तुम्हीच बोला. आभार मी मानतो."

यंदा तसंच झालं. मी जीव ओतून बोललो, टाळ्याही पडल्या. मग सर काठी टेकत आभाराला उठले, आणि एक माणूस जागचा हलला असेल तर शपथ.

सरांनी शंभरी गाठावी, गुडघे धडधाकट राहावेत. ते आभार मानत असताना लोक उठून चाललेत, हे मला एकदा तरी डोळ्यांनी बघायचं आहे. त्याला जितकी वर्षं लागतील तितकी देवानं त्यांना द्यावीत.