हत्तीचा आवाज

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मी बंगळूरच्या महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. जी गोष्ट पुन्हा करून दाखवता येत नाही ती घडली असं मी मानत नाही. या सदरातले अनुभव वाचून मी आजवर हसतच आले... आणि आता स्वतःच लिहायला बसलेय. त्यातून गंमत अशी की अनुभव मला आलाच नाही. मी त्या खोलीत होते, बाकी सगळ्यांना आला.

आमचं घर पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीजवळ. कितीतरी पिढ्या बंगळूरातच गेल्यामुळे आमची मराठी इथल्यासारखीच झालेली, वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो आणि मोठ्या बहिणीला अक्का. अण्णा पीण्यातल्या एका कारखान्यात फोरमन होते. तिथं कामगारांना सुरक्षेच्या फिल्म दाखवायचं एक जुनं प्रोजेक्टर होतं. ते भंगारात निघालं तेव्हा अण्णांनी घरी आणलं. सोबत एक पत्र्याचा डबा आला, त्यात महायुद्धाच्या काळातली कार्टून्स. सैनिकांना हसवता हसवता शिस्त शिकवायला काढलेली असावीत. आमच्या लाडक्या कार्टूनमध्ये एक ढेरपोट्या हत्ती छावणीचा आचारी असतो आणि एक टीचभर उंदीर त्याचा सार्जंट. वर विमानं घिरट्या घालतायत, आणि हत्ती आपला ढवळतोय!

प्रोजेक्टरमधला, फिल्मवरचा आवाज उमटवणारा छोटा दिवा गेलेला होता आणि तो कुठंच मिळेना. त्यामुळे आमच्या घरी एक पद्धतच पडली. रविवारी जेवणं झाली की खिडक्यांना चादरी लावायच्या, भिंतीवर अण्णांचं पांढरं धोतर ताणायचं, आणि मुक्या कार्टूनला आवाज आपणच द्यायचा. हत्ती अण्णा, उंदीर अक्का. वरच्या मजल्यावरच्या सरोजम्मा मराठीचं अक्षर कळत नसताना खुर्ची घेऊन यायच्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या.

आणि मी? मी मशीनपाशी. फिल्म चढवायची, अडकली तर सोडवायची. मीही आवाज काढते म्हटलं की अण्णा म्हणायचे, सुमे, तू मशीन सोडलीस तर फिल्म जळेल की गं. पुढं अक्का लग्न होऊन पुण्याला गेली. मला वाटलं, आता तरी उंदीर माझा. कसलं काय! अण्णा दोन्ही आवाज स्वतःच काढायला लागले. मी जळायचे. अगदी स्पष्ट सांगते, जळफळाट व्हायचा माझा. त्यांच्या दुखण्यात सगळं मी केलं, आणि अक्काचा फोन आला की त्यांचा चेहरा उजळायचा. जवळ असतं त्याची किंमत नसते म्हणतात ते खोटं नाही.

अण्णांच्या वर्षश्राद्धाला अक्का आली. पाहुणे गेल्यावर, दुपारीच, ती म्हणाली, लाव ना गं ते हत्तीचं. सरोजम्माही येऊन बसल्या. मी चादरी लावल्या आणि फिल्म चढवली. नेहमीसारखी मशीनपाशी उभी राहिले.

उंदीर आला. अक्कानं तो जुना किरटा आवाज लावला, "काय हो हत्तोबा, सारात मीठ घातलंत का?"

यावर अण्णांचं उत्तर ठरलेलं असायचं, "घातलं की साहेब, स्वल्प जास्तीच." आता तिथं नुसती मशीनची खटखट. मला वाटलं, आता ती थांबणार. पण अक्का हसली, आणि उत्तर मिळाल्यासारखी पुढचं वाक्य बोलली. पुन्हा थांबली, पुन्हा बोलली. जिथं हत्तीची वाक्यं होती बरोब्बर तिथं सरोजम्मा हसत होत्या. मला राग यायला लागला. म्हटलं, वर्षश्राद्धाच्या दिवशी हा काय तमाशा?

हत्ती सगळं पातेलं घेऊन खंदकात पडतो त्याच्या जरा आधी दोघींनी एकदम मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी करावं याची वाट बघत होत्या. मी रिळावरचा हात काढला नाही. मग फिल्म संपली आणि अक्का रडत मोरीकडे गेली.

ती तिकडं असताना सरोजम्मांनी मला कन्नडमध्ये विचारलं, "'सुमे, तूपण बोल की गं' अंद्रे एनु?" म्हणजे याचा अर्थ काय. मी विचारलं, हे कुठं ऐकलंत? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, आत्ताच तुझे अण्णा बोलले ना!

अक्का आल्यावर मी तिला यातलं काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं, काय ऐकलंस? तिनंही तेच वाक्य सांगितलं, अगदी शब्दाला शब्द.

मी कान तपासून घेतले, उत्तम आहेत. अक्कानं सहज मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं होतं, त्यात तिचा उंदीर आहे, सरोजम्मांचं हसणं आहे, खटखट आहे, अण्णा नाहीत. ते आता त्या दोघींनाही ऐकू येत नाहीत. नंतर मी एकटीनं ती फिल्म किती वेळा लावली! उंदीर बोलून बघितला, लाज सोडून हत्तीही बोलून बघितला. काही नाही.

तुमच्यापैकी कोणाला ठाऊक असेल तर सांगा. मेलेला माणूस बोलला कसा, हे नाही विचारत मी. जिला बोलावलं तिला सोडून बाकीच्यांना कसं ऐकू गेलं, एवढंच सांगा.

मागच्या आठवड्यात अक्काचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "खरं सांगू सुमे? त्या दिवशी मला तुझा हेवा वाटला. सगळं नेहमीचंच बोलले गं ते. नवं वाक्य एकच, आणि तेही तुला."

मी म्हटलं, "वाक्य तू ठेव अक्का. मला तो आवाज दे."

पलीकडून ती बराच वेळ काही बोलली नाही. की बोलली आणि मलाच ऐकू आलं नाही, देव जाणे.