संत्र्यांची पट्टी मी काढली

"मावशी, भाजीचा ठेला लावला का पडद्यावर?"

सर असं बोलले अन् खोलीतले सहाही पोरं हसले. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर माझा स्लायडर होता, आठ दिवस खपून रंगवलेला. मीही हसली. तोंड आपोआप हसते हो अशा वेळी.

अमरावतीत आमचं लहानसं सॉफ्टवेअरचं ऑफिस, सर मालक; त्या पोरांसारखी मीही तिथं कोड लिहीत होती. शेंदूरजनाघाटच्या एका व्यापाऱ्याच्या संत्री निवडायच्या मशीनसाठी आमी प्रोग्राम करून राहिलो होतो. कोणत्या मापाचं फळ कोणत्या क्रेटात पडावं, हे पडद्यावरचा गोटा सरकवून ठरवायचं. तयार स्लायडर म्हणजे राखाडी पट्टी अन् इवलासा गोटा. मी ते रूपच काढून टाकलं. पट्टीवर डावीकडून उजवीकडं मोठी होत जाणारी संत्री कोडनं काढली. गोटा अंगठ्याएवढा केला. पहिले पहिले तो सरकला की मागं रंगाचे डाग राहत. जुनी जागा पुसायची, मग नवं काढायचं, हे मले कोणी शिकवलं नाही. लेकीची कॉलेजची पुस्तकं घरी पडून होती, त्यातूनच सारं शिकली. माझी आई बाजारात भाजी विकत होती. सरांना ते माहीत होतं. म्हणून ठेला.

"आकडे कुठं आहेत? बालवाडी आहे का ही?" सर म्हणाले. "तुम्ही चहाचं बघा मावशी. रंगकाम पोरं करतील."

मी चहा केला. साखर कोणाले कमी, तेही विचारलं. आत काहीच वाटलं नाही. राग नाही, रडणं नाही. अंगाखाली दबून हात बधिर होते ना, तसं.

पोरांनी साधी पट्टी लावली. एक ते चार आकडे. एक म्हणजे सगळ्यात बारीक फळ. आता संत्र्यात जन्म गेलेल्या बाईले विचारा, एक नंबर माल म्हणजे काय? सगळ्यात मोठा! निवडणाऱ्या बायांनी आपल्या रीतीनं मोठ्या फळासाठी गोटा एकावर लावला, अन् मोठ्या फळाच्या क्रेटात लिंबाएवढी संत्री पडली.

सरांनी गुपचूप माझा स्लायडर परत बसवला. मले सांगितलं नाही. व्यापारी ऑफिसात आले तवा कळलं.

"आता मस्त चालवून रायल्या बाया! थे संत्र्याची पट्टी कोनं काढली हो?"

"आमच्या पोरांनी," सर म्हणाले. "मावशी, चार चहा."

मी उठली नाही.

"पोरायनं नाही काढली. मी काढली."

"मावशी, नंतर बोलू."

"आत्ताच बोलू. तुमच्या पोराले कोड उघडाले सांगा. गोटा सरकल्यावर मागं डाग काहून राहत नाही, थे सांगून दाखव म्हना."

छाती धडधडली असं लिहाले पाहिजे. नाही धडधडली. कोणी कोड उघडलं नाही. मग मीच उघडलं अन् एकेक ओळ समजावून सांगितली. व्यापारी ऐकत राहिले. सर मोबाईलमध्ये पाहत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मले काम देणं बंद झालं. "जमत नसेल तर घरी बसा," सर म्हणाले.

नाही बसत. कामावरून काढायचं तं तोंडावर सांगून काढा. पण माझ्या हातचं काम दुसऱ्याच्या नावानं दाखवाल, तं त्याच खोलीत, त्याच गिऱ्हाइकासमोर मी उभी राहीन अन् बोलीन. दर वेळी बोलीन.