मोडेम खिशात घालून

हल्ली कुणाच्या लॅपटॉपचं वाय-फाय बंद पडलं की घरातली पोरं मला विचारतात, "आजोबा, आत कुठलं कार्ड असेल हो?" मी लगेच चष्मा शोधायला लागतो. चष्मा नाकावर असला तरी शोधतो. लॅपटॉपच्या पोटातली वस्तू ओळखण्यात मी एकदा असे काही दिवे लावले आहेत की पुन्हा त्या वाटेला जायची हिंमत नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी जळगावला मेहरूणमध्ये राहायचो, सरकारी कचेरीत होतो, आणि संध्याकाळचा कम्प्युटरचा कोर्स केल्यामुळे नातेवाइकांत तज्ज्ञ ठरलो होतो. ठरलो म्हणजे काय, मीच ठरवलं होतं. माझी थोरली बहीण, अक्का, धुळ्याला. तिचा मुलगा अमेरिकेत गेला तेव्हा जाताना आपला जुना लॅपटॉप आणि इंटरनेटचं कनेक्शन आईला देऊन गेला. लॅपटॉपला फोनची तार लावायची, आतला मोडेम चिरचिरत नंबर फिरवायचा, आणि पोराची ई-मेल पडद्यावर यायची. अगदी सुरळीत चाललं होतं. मग मी सुट्टीला धुळ्याला गेलो.

"फार हळू चालतंय हे," असं म्हणून मी लॅपटॉपमधलं सगळं पुसलं आणि विंडोज नव्याने भरलं. यंत्र पळायला लागलं, पण आपल्यात मोडेम आहे हेच विसरलं. त्याच्या जागी नुसतं एक पिवळं प्रश्नचिन्ह. मोडेमची ओळख पटायला ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम लागतो. तो कुठला, हे कळायला मोडेम कुठल्या बनावटीचा ते कळावं लागतं. ही सगळी माहिती इंटरनेटवर मिळेल असं माझ्या पुस्तकात छापलं होतं, आणि इंटरनेट यायचं मोडेममधून. मी अक्काला म्हणालो, किरकोळ काम आहे, पुढच्या खेपेला करतो.

पुढची खेप यायच्या आत भाच्याला मुलगी झाली. फोनवर तिचं रडणं अक्काने ऐकलं, पण तिला तोंड बघायचं होतं. पहिली नात. फोटो भाच्याने ई-मेलने पाठवला होता, पोस्टाने यायचा तो कधी येणार कोण जाणे. आणि अक्काने तर बाराव्या दिवसाचं बारसं धरलेलं. बाळ तिकडे असलं म्हणून काय झालं, पाळण्यात फोटो ठेवू, आत्या नाव ठेवेल. बठ्ठी, म्हणजे सगळी, गल्ली बोलावून झाली होती. सायबर कॅफे आमच्याकडे अजून यायचे होते. म्हणजे नात आणि आजी यांच्यामध्ये आता फक्त मी उभा होतो.

बारशाच्या आदल्या दिवशी मी धुळ्याला पोचलो आणि लॅपटॉप पालथा घालून खालचं झाकण उघडलं. आत दोन हिरव्या पट्ट्या. एक चांगली मोठी, तिच्यावर भरपूर इंग्रजी अक्षरं. दुसरी चिमुकली, काळ्या चिकटपट्टीखाली दडलेली. मोठं तेच महत्त्वाचं, ही सरकारी नोकरीची शिकवण. आता आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारीचा वॉशर आणायचा असला तर जुना वॉशर खिशात घालून दुकानात न्यायचा, असला दे म्हणायचं. मी तेच केलं. पट्टी उपटली, रुमालात गुंडाळली, शर्टाच्या खिशात घातली आणि जळगावची एस.टी. धरली.

पारोळा गेलं, एरंडोल गेलं, माझा हात छातीवरच. शेजारच्या माणसाने काळजीने विचारलं, "छातीत कळ येते का भाऊ?"

"नाही, मोडेम आहे," मी म्हणालो. तो जरा सरकून बसला.

जळगावच्या ओळखीच्या कम्प्युटरवाल्याने पट्टी उलटसुलट करून पाहिली. "साहेब, ही तर मेमरी आहे."

"मग मोडेम कुठे आहे?"

"धुळ्याला," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी परत. अक्काच्या घरी पाळण्याला फुलं बांधून झाली होती, घुगऱ्या शिजत होत्या. मेमरी जागेवर बसवली, काळी चिकटपट्टी सोडवली. चिमुकलीच मोडेम निघाली. बनावट कळली, नंबर कळला. पण त्याच्या ड्रायव्हरची सीडी जळगावच्या दुकानात, आणि बाया ओसरीवर येऊन बसलेल्या.

मी अक्काला सांगितलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता लॅपटॉपवरून हात फिरवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हणजे ती यामाच शे ना?" तिने विचारलं. "फक्त बाहेर येत नही?"

फोटो यात नसून कुठल्या तरी लांबच्या कम्प्युटरवर पडलेला आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माहिती द्यायची टाळली आणि हो म्हणालो.

अक्काने लॅपटॉप मिटला, नातीसाठी शिवलेल्या दुपट्यात गुंडाळला आणि पाळण्यात ठेवला. बायांनी एकमेकींकडे पाहिलं, मग एकीने पाळणा म्हणायला सुरुवात केली आणि बाकीच्यांनी सूर धरला. माझी भाची, म्हणजे बाळाची आत्या, नाव ठेवायला वाकली आणि तशीच थांबली.

"मामा, याचा कान कुठे?"

कुणी हसलं नाही. मी दुपटं बाजूला केलं आणि फोनची तार जाते त्या चौकोनी भोकावर बोट ठेवलं. भाचीने तिथे ओठ नेले, नाव सांगितलं, कुर्र केलं. बायांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपके घातले. दोरी ओढता ओढता अक्काच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि माझ्याही.

"ऐकू गयं व्हई ना तिले?" तिने मला विचारलं. अजूनही मलाच, कारण त्यातलं मला कळतं अशी तिची खात्री होती.

मी म्हणालो, "गेलं, अक्का."